पाचशे माणसं, प्रत्येकाच्या हाती चार पत्ते

वाचकाचं पत्र, थोडक्यात: भंडारा जिल्ह्यातल्या एका गावातले हे वाचक शेती सांभाळून सहा-सात वर्षं पत्त्यांची जादू करतात. पानठेल्यावर, लग्नघरी, चारचौघांत त्यांचा हात चांगला चालतो. यंदा दिवाळीनंतर गावच्या मंडईत, म्हणजे गावच्या जत्रेत, रात्रीच्या नाटकाआधी त्यांना अर्धा तास मिळाला आहे आणि समोर पाचशेच्या आसपास माणसं असतील. याआधी दोनदा त्यांनी स्टेजवर एकवीस पत्त्यांचा खेळ केला. दोन्ही वेळा मागचे लोक गप्पा मारू लागले, पोट्टे उठून गेले. आता मोठ्या आकाराचे पत्ते घ्यावेत, एलईडी स्क्रीन भाड्यानं आणावी, की प्रेक्षकांत आपला एक माणूस पेरावा, असं ते विचारतात. प्रत्येक प्रेक्षकाच्या हातात पत्ते देऊन करायचा, फाडलेले तुकडे शेवटी जुळण्याचा खेळ त्यांनी व्हिडिओत पाहिला आहे, पण 'आमची खेड्यातली माणसं, एवढ्या सूचना त्यांना जमायच्या नाहीत' ही भीती वाटते. त्यातच घरची वडीलधारी मंडळी म्हणतात, 'मंडईत पत्ते कशाला?'

उत्तर:

भाऊ, तुमच्या पत्रातले तिन्ही उपाय एकाच समजुतीतून आले आहेत. मागच्या माणसाला पत्ता दिसला नाही म्हणून खेळ पडला, असं तुम्ही धरून चालला आहात. पण एकवीस पत्त्यांच्या खेळात दिसण्यासारखं असतं तरी काय? एकवीस पत्ते तीन वेळा मांडायचे, म्हणजे त्रेसष्ट वेळा तुमचा हात टेबलावर जातो आणि तेवढा वेळ ज्यानं पत्ता मनात धरला तो एकटाच खेळात असतो. पानठेल्यावर चार जण एकमेकांच्या खांद्यावरून वाकून पाहतात, म्हणून तिथे तो रंगतो. स्टेजवर उरलेल्या चारशे नव्याण्णव जणांना काही कामच नसतं. पत्ता फूटभर केला किंवा पडद्यावर दाखवला, तरी ते रिकामेच बसून राहणार.

स्क्रीनबद्दल आणखी एक. कॅमेऱ्याचं चित्र पडद्यावर किंचित उशिरा पोचतं, आणि तुम्ही बोलता एक अन् दिसतं दुसरं असं होतं. समितीनं नाटकासाठी स्क्रीन आधीच लावली असेल तर तिच्यावर सूचनांची मोठी चित्रं दाखवा. नसेल तर त्यासाठी पदरचे पैसे घालू नका. माणूस पेरण्याचा विचार मात्र आजच सोडा. गावात प्रत्येक जण प्रत्येकाला ओळखतो, सकाळी चहाच्या टपरीवर ती गोष्ट फुटतेच, आणि मग तुमच्या खऱ्या कौशल्याकडेही लोक त्याच नजरेनं पाहतात.

तेव्हा प्रत्येकाच्या हातात पत्ते देण्याचा खेळच करा. आता 'आमच्या लोकांना जमणार नाही' या वाक्याचं काय? जी माणसं रोवणीत ओळी सांभाळतात आणि रात्रभराचं नाटक जागून पाहतात, त्यांना आठ कागद वरखाली करणं अवघड नाही. तुम्ही पाहिलेला फाडलेल्या पत्त्यांचा खेळ स्पेनचे जादूगार वुडी अरागॉन यांच्यामुळे जगभर पसरला. 2024 मध्ये चिनी नववर्षाच्या मोठ्या टीव्ही कार्यक्रमात लिऊ चियेन या जादूगारानं तो केला, तेव्हा मंचावरच्या सूत्रसंचालकाचेच तुकडे जुळले नाहीत. रोज कॅमेऱ्यापुढे उभा राहणारा माणूस चुकतो, त्या अर्थी अडचण खेड्यात नाही, सूचनांत आहे. चूक होऊ शकेल अशी जागाच सूचनेत ठेवायची नाही, एवढं काम तुमचं.

आधी पत्ते. पाचशे जणांना चार-चार म्हणजे दोन हजार पत्ते, म्हणजे एकोणचाळीस कॅट, आणि तेही फाडून टाकायचे. प्लास्टिकचे असतील तर फाटतही नाहीत. त्यापेक्षा स्वतःचे पत्ते छापून घ्या. घरच्या मोठ्यांची हरकतही तिथेच निम्मी मिटते. पैसे लावल्याशिवाय जुगार होत नाही हे खरं, पण बदाम-इस्पिक हातात दिसलं की काही जणांच्या कपाळाला आठी पडते, आणि ती आठी घालवण्यात तुमची दहा मिनिटं जातील. चार चित्रं घ्या: कापसाचं बोंड, धानाची लोंबी, संत्रं आणि मोहाचं फूल. प्रत्येक चित्र पत्त्याच्या मधोमध, फाडल्यावर दोन्ही तुकड्यांवर अर्धं-अर्धं येईल एवढं मोठं हवं. कमळ, पंजा, घड्याळ, मशाल ही चित्रं टाळा. निवडणूक जवळ नसली तरी कुणीतरी त्यावरून बोलतंच.

एका ए-4 कागदावर चार पत्ते बसवले की एका कागदात एका माणसाची जुडी होते. पाचशे माणसांना साडेपाचशे कागद धरा. साधा झेरॉक्सचा कागद नको. हॅलोजनच्या उजेडात त्यातून चित्र आरपार दिसतं. फार जाड आयव्हरी कार्डही नको, चार पत्ते एकत्र फाडताना म्हाताऱ्या हातांना जड जातं. मधल्या जाडीचा रंगीत कागद घ्या, छपाई एकाच बाजूला. आणि तालुक्याच्या छापखान्यात एक काम न विसरता करून घ्या: पावतीपुस्तकाला असतं तसं परफोरेशन प्रत्येक पत्त्याच्या मधोमध. त्यानं फाडणं सोपं होतंच, पण या खेळातली सर्वांत मोठी चूकही टळते.

ती चूक अशी. लोक चारही पत्ते एकत्र धरतात, मधून घडी घालतात आणि घडी तशीच ठेवून फाडतात. घडी घातली की एक अर्धा भाग उलटा होतो. मग तुकडे बोंड-लोंबी-संत्रं-फूल, पुन्हा बोंड-लोंबी-संत्रं-फूल असे लागण्याऐवजी दुसरा गठ्ठा फूल-संत्रं-लोंबी-बोंड असा उलट्या क्रमानं बसतो, आणि पहिल्याच पायरीला खेळ मोडतो. परफोरेशन असेल तर घडीची गरजच नाही. छापखान्यात ते जमलं नाही, तर 'घडी घाला, पुन्हा उघडा, सपाट करा, मग फाडा' असं चार वेगवेगळ्या सूचनांत सांगा आणि प्रत्येक सूचनेनंतर थांबा.

आता खेळ. व्हिडिओत तुम्ही पाहिलात त्याहून तो थोडा सोपा करून सांगतो. मूळ प्रकारात दोनदा 'हे तुकडे मधात घाला' अशी सूचना येते. गर्दीत हाच शब्द घात करतो. कुणाचं मधात म्हणजे वरून दुसरं, कुणाचं अगदी बुडाशी, आणि बुडाशी गेलं की जुळणी गेली. म्हणून 'मधात' हा शब्दच काढून टाकू.

चारही पत्ते हवे तसे पिसायला सांगा. मग सगळे पालथे, म्हणजे चित्र खाली. एकत्र फाडायचे आणि एक गठ्ठा दुसऱ्यावर ठेवायचा, दोन्ही पालथेच. आठ तुकडे झाले. आता प्रत्येकानं आपल्या नावातली अक्षरं मोजत, एका अक्षराला एक, असे वरचे तुकडे बुडाशी न्यायचे. इथे कुणी 'चंद्रकला'ची चार अक्षरं मोजली काय नि पाच मोजली काय, काही बिघडत नाही, कारण वरून बुडाशी कितीही तुकडे गेले तरी गोल क्रम तोच राहतो. ज्यांना अक्षरं मोजायची नसतील त्यांना नातवाचं नाव घेऊ द्या, बैलाचं घेऊ द्या. एकच अट: तुकडा वरून उचलला की थेट बुडाशी. मांडीवर एकावर एक रचून मग सगळा ढीग खाली सरकवला, तर क्रम उलटा होतो. तुमचा हात नीट दिसला की लोक तसंच करतात, म्हणून ही पायरी हळू करा.

मग वरचे तीन तुकडे मांडीवर ठेवा. हातात उरलेल्यांतला सर्वांत वरचा एक, न पाहता, लपवा: खिशात, पदरात, टोपीत, मांडीखाली. मांडीवरचे तीन हवे तसे पिसा आणि हातातल्या गठ्ठ्यावर परत ठेवा. एवढ्यात खरं काम उरकलेलं असतं. आठ तुकड्यांत पहिल्याचा जोडीदार पाचवा, चौथ्याचा आठवा. तीन बाजूला गेले की वर येतो चौथा, तो लपतो, आणि त्याचा जोडीदार गठ्ठ्याच्या अगदी बुडाशी बसलेला असतो. मांडीवरचे तीन कसेही पिसले तरी त्याला धक्का लागत नाही. प्रेक्षकाच्या मनात मात्र 'मी स्वतः पिसले' हे पक्कं बसतं.

हातात सात तुकडे. आता मर्जीनं एक, दोन किंवा तीन तुकडे वरून काढून हवेत उडवायला सांगा. बायका-पुरुष, डावी-उजवी बाजू असे गट पाडायची गरज नाही. कुणी एकही उडवला नाही तरी खेळ जुळतो. चार उडवले की बिघडतो, म्हणून 'तीनपेक्षा जास्त नाही' हे दोनदा सांगा.

यानंतरच्या पायरीला आकडा अचूक लागतो: सात तुकडे, एकेक करून, वरून बुडाशी. इंग्रजी प्रयोगांत इथे एखादा शब्द किंवा वाक्य अक्षरागणिक म्हणतात. मराठीत ते करू नका. जोडाक्षर आलं की 'शुक्र'ची दोन अक्षरं की तीन, यावर मांडवात दोन तट पडतील. सात म्हटलं की आठवड्याचे वार आहेतच. सोमवार म्हणा, एक तुकडा बुडाशी. मंगळवार, दुसरा. असं रविवारपर्यंत सगळ्या मांडवानं एका आवाजात म्हणायचं. नाटक मंडळीचा ढोलकीवाला किंवा तबलजी तयार असेल तर प्रत्येक वाराला एक ठोका मागून घ्या. ठोका असला की पाचशे हात एकदम हलतात आणि कुणी दोन तुकडे एकदम सरकवत नाही.

शेवटची पायरी गाळणीची. वरचा तुकडा बुडाशी, पुढचा फेकायचा, पुढचा बुडाशी, त्यापुढचा फेकायचा, हातात एक उरेपर्यंत. बोलायला शब्द द्या: 'घरात' म्हटलं की बुडाशी, 'दारात' म्हटलं की फेक. सुरुवात 'घरात'नंच. इथे उलटी सुरुवात झाली की जुळलेला डावही हातचा जातो. ज्यांनी जास्त तुकडे उडवले त्यांचा एक आधी उरेल, त्यांना 'थांबा, मुठीत धरा' असं सांगा.

सहा तुकडे उरलेल्या माणसाचं उदाहरण घेऊ. जोडीदार सहावा. सात वार झाले म्हणजे एक पूर्ण फेरा आणि वर एक, तो आला पाचव्या जागी. गाळणीत दुसरा, चौथा, सहावा जातो, मग तिसरा, मग पहिला, उरतो पाचवा. पाच उरले असतील तर जोडीदार तिसऱ्या जागी येतो आणि तिसराच उरतो. चार असतील तर पहिल्या जागी, आणि पहिलाच उरतो. गणितात याला जोसेफसचा प्रश्न म्हणतात. मांडवातल्या एखाद्या शिक्षकानं ते ओळखलं तर मोकळेपणानं हो म्हणा. ही हातचलाखी आणि गणित आहे, हे सुरुवातीलाच सांगून टाकणं तर चांगलंच. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याचा रोख चमत्काराच्या नावानं लोकांना फसवण्यावर आणि भीती घालण्यावर आहे. मंत्र, देवी, अंगात येणं यातलं काहीही गंमत म्हणूनसुद्धा तोंडी आणू नका.

तुमच्या हातातले पत्ते मोठे असायला हरकत नाही, किंबहुना हवेतच. पण ते जादू दाखवायला नाही, कृती दाखवायला. पुठ्ठ्याचे, फूट-दीड फूट उंचीचे आठ तुकडे करा आणि प्रत्येक पायरी लोकांबरोबर करत जा. एका सूचनेत एकच क्रियापद ठेवा. 'फाडून एकावर एक ठेवून हातात घ्या' असं म्हणालात की निम्मे लोक दुसऱ्या कामाला लागलेले असतात तेव्हा निम्मे पहिल्यातच असतात. 'तळाशी'पेक्षा 'बुडाशी' चटकन कळतं, तेच वापरा, आणि एकदा ठरवलेला शब्द मधेच बदलू नका.

दोन्ही हात कामात असल्यामुळे हातातला माइक चालणार नाही. कॉलर माइक मिळाला तर उत्तम, नाही तर स्टँडवर, हनुवटीच्या उंचीला. आणि उजेड! नाटकाच्या मांडवात सगळे दिवे स्टेजवर रोखलेले असतात, प्रेक्षक अंधारात. तुमचा खेळ प्रेक्षकांच्या मांडीवर होतो. दोन-तीन हॅलोजन मांडवाकडे वळवून घ्या आणि जनरेटरवाल्याशी दुपारीच बोलून ठेवा. रात्र चढली की दव पडतं, कागद ओलावतो आणि तुकडे एकमेकांना चिकटतात. एक म्हणून दोन सरकले की आकडा चुकला. तुमचा खेळ नाटकाआधी आहे हे बरं. समितीनं 'मध्यंतरात करा' म्हटलं तर याच कारणासाठी नाही म्हणा.

जुड्या आधी वाटू नका. पोट्टे त्या पंधरा मिनिटांत फाडून मोकळे होतील. चाळीस-पन्नास माणसांमागे एक मदतनीस, असे दहा-बारा जण गावच्या मंडळातून घ्या, त्यांच्याकडून हा खेळ किमान पाच वेळा करवून घ्या आणि वाटप तुमच्या पहिल्या छोट्या खेळाच्या वेळी उरकून टाका. मदतनिसाचं दुसरं काम म्हणजे फाडल्यावर आपल्या भागातले तुकडे पालथे आहेत ना ते पाहणं. एका हातात खर्रा घोटणारे बरेच असतील. त्यांना 'दोन मिनिटं दोन्ही हात मला द्या' असं मानानं सांगा, ऐकतात. सरपंच किंवा प्रमुख पाहुण्यांना मंचावर बोलावून त्यांच्याकडून हा खेळ करवू नका. पाचशेंतला एखादा चुकतो तेव्हा तो कुणाला दिसत नाही, मंचावरचा सगळ्यांना दिसतो. पाहुण्यांना त्यांच्या खुर्चीतच, शेजारी एक जाणता मदतनीस देऊन खेळू द्या.

थोडे जण चुकणारच, हे धरून शेवट बांधा. 'सगळ्यांचं जुळणार' असं आधी म्हणू नका. 'कुणाचं जुळलं नाही?' असं कधीच विचारू नका. लपवलेला तुकडा काढायला लावा, दोन्ही तुकडे चित्राच्या बाजूनं जुळवायला लावा, आणि 'ज्यांचं जुळलं त्यांनी दोन्ही तुकडे डोक्यावर धरा' एवढंच सांगा. मांडवभर बोंडं, लोंब्या, संत्री वर येतात, आणि ज्याचं जुळलं नाही तो शेजारच्याचं पाहण्यात गुंततो.

मंडईआधी तालमी तीन करा. पहिली घरच्या पाच जणांबरोबर, दुसरी शाळेतल्या तीस मुलांबरोबर, तिसरी बचत गटाच्या बैठकीत किंवा भजनी मंडळात, जिथे वयस्क माणसं असतील. प्रत्येक वेळी ज्यांचं चुकलं त्यांना कोणत्या पायरीला गोंधळ झाला ते विचारा आणि तेच वाक्य बदला. एकाच पायरीला तिघे-चौघे अडले तर चूक वाक्यातच आहे.

पाचशे जणांत या खेळाला दहा-बारा मिनिटं लागतील. उरलेला वेळ पुन्हा पत्त्यांनीच भरू नका, दोरी, रुमाल असं लांबून दिसणारं काहीतरी घ्या आणि हा खेळ शेवटी ठेवा. प्रत्येकाच्या आठ तुकड्यांतले सहा जमिनीवर जातात, म्हणजे तीन हजार तुकडे, आणि त्याच जागी बसून लोकांना रात्रभर नाटक पाहायचं आहे. दोन पोती आणि झाडायला चार पोट्टे आधीच सांगून ठेवा.